ससा उपाशी ठेवायचा नसतो

"सशाचं ऑपरेशन? आणि तेही पुण्याला नेऊन?" आमच्या पतसंस्थेत हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला की शेवटी मी "हो, आणि येताना त्याचा विमाही उतरवला" असं सांगायला लागले. लोक हसले. पण हसणाऱ्यांतल्याच दोघातिघांचे नंतर हळूच फोन आले. कुणाच्या भाच्याने वाढदिवसाला ससे आणलेत, कुणाच्या शेजाऱ्यांकडे पिंजऱ्यात आता मोजता येत नाहीत इतके झालेत. प्रत्येकाला फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते. मी डॉक्टर नाही. साताऱ्यात एका पतसंस्थेत हिशेब लिहिते, आणि त्याच सवयीने सशांचीही वही ठेवते: वजन, खाणं, लेंड्या. लेंड्यांची नोंद ठेवते म्हणून घरातले मला हसतात, पण त्या नोंदीनेच एकदा आम्हाला तारलं. ते पुढे सांगते.

आमच्याकडे दोन ससे. काळा बुक्का आणि पांढरी साबू. लेकीने आणले तेव्हा दुकानातल्या पोराने एकेकाला उलटं धरून ओझरतं बघितलं आणि "दोन्ही माद्याच आहेत ताई, बिनधास्त न्या" म्हणून सांगितलं. इतक्या लहान वयात जाणकारही फसतो. नराचे अंडकोष साधारण १० ते १२ आठवड्यांचा झाल्यावर खाली उतरतात, तोवर वरवर बघून काही कळत नाही. आणि दुकानात तर पिल्लं त्याच्याही कितीतरी आधी, आईचं दूध सुटण्याआधीच आणून ठेवतात.

एके दिवशी साबूने स्वतःच्या पोटावरचे केस उपटून खोक्याच्या कोपऱ्यात ढीग घातला. आम्हाला वाटलं खरूज झाली. सकाळी त्या ढिगात सहा उघडीनागडी, डोळे मिटलेली पिल्लं वळवळत होती.

सशाच्या मादीचं गणित असं: पोटुशी राहिल्यापासून साधारण ३१ दिवसांत पिल्लं. तिला कुत्रीसारखा ठरावीक माज नसतो. नराशी संबंध आला की त्यानंतर काही तासांत बीज सुटतं, म्हणजे गर्भ राहायला कुठलाही दिवस चालतो. ज्या दिवशी विते त्याच दिवशी ती पुन्हा गाभण राहू शकते. चक्रवाढ व्याजाचं कोष्टक रोज बघणाऱ्या बाईलासुद्धा हा दर ऐकून घाम फुटला. त्या सकाळीच बुक्काला दुसऱ्या खोलीत हलवलं, तरी पुढचा महिनाभर जीव टांगणीला होता. सुदैवाने काही झालं नाही.

पिल्लं दोन महिन्यांची होईपर्यंत आईपाशी ठेवली आणि मग एकेक घर बघून दिली. (इथे एक सांगून टाकते, कारण आमच्या भागात हे फार होतं. ऊसतोडीच्या वेळी फडात सशाची पिल्लं सापडतात आणि लोक ती पाळायला घरी आणतात. तो आपला रानससा, पाळीव सशाचा भाऊबंदही नाही म्हणावा इतका वेगळा. त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि डोळे उघडे असलेली असतात, आई त्यांना मुद्दाम एकटं सोडून चरायला जाते. ती अनाथ नसतात. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो प्राणी घरात ठेवता येत नाही. सापडलं तर आहे तिथेच, बांधाच्या आडोशाला ठेवायचं.)

नर-मादीला कायमचं वेगळं ठेवलं की झालं, ऑपरेशन कशाला, असं ह्यांचं म्हणणं. निम्मं घर बुक्काचं, निम्मं साबूचं, आणि मध्ये दार लोटायचं विसरलं की सहा पिल्लं. पण तेवढंच कारण नाही. मादीच्या गर्भाशयाला कॅन्सर होण्याचं प्रमाण सशांत फार मोठं आहे. काही जातींच्या जुन्या अभ्यासांत चार वर्षांवरच्या निम्म्याहून जास्त माद्यांत तो सापडला होता. हळूहळू वाढतो आणि फुप्फुसात पसरतो. लघवीत रक्त दिसतं तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो. आणि लघवी लाल दिसली म्हणजे रक्तच असेल असंही नाही, बीट-गाजर खाऊनसुद्धा सशाची लघवी तांबडी होते, त्यामुळे माणूस एकदा घाबरून पुढच्या वेळी दुर्लक्ष करतो. गर्भाशय आणि बीजकोश काढला की हा धोका संपला. नराचं कारण साधं: वयात आला की भिंतींवर लघवीच्या पिचकाऱ्या, पायांभोवती गोल गोल फिरणं, आणि दुसरा नर असेल तर कापाकापी. दोन नर सशांची मारामारी ज्याने बघितली नाही त्याला "ससा गरीब प्राणी" वाटतो.

सासूबाईंचं म्हणणं होतं, एकदा तरी बाईजातीला आईपण मिळू द्यावं. साबूला ते मिळालंच होतं, त्यामुळे तो वाद आपोआप मिटला. पण पुढे ज्यांच्याकडे ऑपरेशन केलं त्या पुण्याच्या डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, एकदा पिल्लं झाल्याने तब्येतीचा काडीचाही फायदा नसतो. मादीचं साधारण पाच-सहा महिन्यांची झाली की करता येतं, नराचं अंडकोष उतरले की चौथ्या महिन्याच्या आसपास.

तात्या, म्हणजे माझे सासरे, या सगळ्यात गप्प होते. ते माण तालुक्यातले, आयुष्य बैलांत गेलं. त्यांच्या लहानपणी गोऱ्हा बडवायचे: चार माणसं खाली पाडून धरायची आणि दगडावर अंडकोष ठेचायचे. जनावर कित्येक दिवस पाय फाकवून चालायचं. पुढे सरकारी दवाखान्यात चिमटा आला, त्यात निदान उघडी जखम राहत नाही. तात्यांना वाटलं सशाचंही असंच काहीतरी करणार, म्हणून ते बोलत नव्हते. एका परिचितांनी त्यात तेल ओतलं: "भूल वगैरे कशाला? सशाचं दोन मिनिटांत होतं, तो ओरडतसुद्धा नाही."

ओरडत नाही, हेच तर. ससा शिकार होणारा प्राणी आहे. दुखतंय हे दाखवणं म्हणजे कोल्ह्याला आवतण, म्हणून तो गप्प बसतो. जिवावर बेतलं तरच किंचाळतो, आणि ती किंकाळी ऐकलेला माणूस विसरत नाही. इंग्लंडात न्यूकॅसलच्या संशोधकांनी २०१२ साली सशाच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पट्टी तयार केली. सशांच्या कानावर ओळखीचा क्रमांक गोंदवतात, त्या वेळचे चेहरे तपासून. पाच खुणा: डोळे बारीक होणं, गाल चपटे होणं, नाकपुड्यांचा आकार, मिशांची दिशा, आणि कान मागे ओढले जाणं. मी त्या खुणा वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवल्यात. दात खाण्याचा आवाजही ओळखायला शिकावं. कुरवाळताना येणारी बारीक कुरकुर समाधानाची, कोपऱ्यात पाठ वाकवून बसून कडकड दात खाणं दुखण्याचं. तात्यांना हे वाचून दाखवलं, आणि पूर्ण भूल देऊन, टाके घालून करतात हे सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मग हिला नीट बघून दे डॉक्टर."

डॉक्टर शोधणं हाच सगळ्यात मोठा खटाटोप. आमच्या घराजवळचे डॉक्टर भले माणूस. त्यांनी सरळ सांगितलं, "ताई, मी गाई-म्हशी, शेळ्या, कुत्री बघतो. सशाला मी भूल देणार नाही, माझा हात त्यात बसलेला नाही." असं सांगणाऱ्या डॉक्टरचे मी पाय धरीन. शिकवणीतच गुराढोरांवर भर असतो, आणि आपल्या जिल्ह्यात त्यांना काम पण तेच पडतं, त्यात त्यांचा दोष नाही. त्यांनीच सुचवलं की शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालय आहे तिथे चौकशी करा, नाहीतर पुण्यात ससे, पक्षी, कासवं असे वेगळे प्राणी बघणारे डॉक्टर मिळतील.

मग मी फोन लावत बसले. एका ठिकाणी फोनवरच्या मुलाने तारीख दिली, दर सांगितला आणि म्हणाला, "आदल्या रात्री बारापासून काही देऊ नका." मी थँक्यू म्हणून ठेवून दिला. दुसऱ्या ठिकाणी मॅडम स्वतः बोलल्या. त्यांचा पहिलाच प्रश्न होता: "खायला काय देता? जे रोज खातात ते डब्यात भरून घेऊन या, शुद्धीवर आले की लगेच लागेल." तिथेच माझं ठरलं.

कारण सांगते. माणसाला, कुत्र्याला, मांजराला भुलीआधी उपाशी ठेवतात ते उलटी होऊन श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून. सशाला उलटी होतच नाही, पोटाच्या तोंडाची रचनाच तशी आहे. उलट त्याचं आतडं सतत चालतं राहिलं पाहिजे. गवताचा चोथा पुढे ढकलला जातोय तोवर सगळं ठीक. तो थांबला की आतडं मंदावतं, गॅस धरतो, दुखतं, दुखलं की ससा आणखी खात नाही, आणि त्या फेऱ्यात एखाद-दोन दिवसांत जातो. ऑपरेशन उत्तम झालं तरी ससा असा मरू शकतो. रात्रभर उपाशी ठेवा म्हणणारा माणूस सशाला मोठं मांजर समजतोय एवढं त्या एका वाक्यातून कळतं. तोंडात चारा राहू नये म्हणून भुलीआधी थोडा वेळ खाणं काढून घेतात, तेवढंच.

भुलीचा धोका नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ब्रिटनमध्ये मोठी पाहणी झाली होती, २००८ मध्ये छापून आली. कुत्र्यांत भुलीशी संबंधित मृत्यू ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४, सशांत १.३९. धडधाकट सशांपुरतं बघितलं तर ०.७३, म्हणजे तरीही आजारी-निरोगी सगळ्या कुत्र्यांच्या मिळून आकड्याच्या चौपट. मी हे आकडे बघून दोन दिवस फोनच केला नाही. मग त्याच पाहणीतलं पुढचं वाचलं: सशांतले बहुतेक मृत्यू ऑपरेशन टेबलावर नाहीत, नंतरच्या तासांत झालेले. म्हणजे थंडी, वेदना, न खाणं, लक्ष नसणं. ज्यावर आपला हात चालतो अशा गोष्टी.

म्हणून मॅडमना मी यादीच काढून विचारलं, आणि त्या कंटाळल्या नाहीत. वजन करूनच औषधं काढता ना? (ग्रॅममध्ये, म्हणाल्या.) भुलीसाठी श्वासनलिकेत नळी घालता की मास्क? सशाचं तोंड अरुंद, जीभ मोठी, नळी घालणं अवघड असतं. पण त्या घालतात आणि नाही जमलं तर काय करायचं तेही ठरलेलं असतं. अंगाखाली ऊब? हो. वेदनाशामक? ऑपरेशनच्या आधीपासून, आणि नंतर घरी द्यायला काही दिवसांचं तोंडातून द्यायचं औषध. टाके? कातडीच्या आत, विरघळणारे, कुरतडता येणार नाहीत असे. गळ्यात ती प्लास्टिकची कॉलर? शक्यतो नाहीच, कारण ससा पहाटे-रात्री एका वेगळ्या प्रकारच्या, मऊ, चकचकीत लेंड्या थेट मागून तोंडाने उचलून खातो. ते त्याचं जीवनसत्त्वांचं भांडार. कॉलर घातली की तेही बंद आणि खाणंही बंद. नराबद्दल आणखी एक: सशाची जांघेतली वाट मोठेपणीही उघडीच राहते, त्यामुळे टाके घालताना ती बंद करावी लागते, नाहीतर आतडं खाली उतरू शकतं. "रबर बांधून टाका" म्हणणाऱ्यांना हे माहीत नसतं.

बुक्काचं आधी केलं. पहाटे निघालो, उन्हं चढायच्या आत खंबाटकीचा बोगदा पार. सशाला ऊन सोसत नाही, तिशीच्या वर पारा गेला की त्याला धाप लागते, म्हणून बाटलीत बर्फ करून टॉवेलात गुंडाळून टोपलीत ठेवला होता. साबूलाही बरोबर नेलं, मध्ये जाळी लावून, कारण ओळखीचा वास असला की दोघंही कमी घाबरतात. दुपारी बुक्का शुद्धीवर आला आणि परतीच्या वाटेवर गाडीतच हरळी खायला लागला. नराचं छोटं काम, त्याला विशेष काही वाटलेलं दिसलं नाही. मॅडमनी फक्त बजावलं: नराचं ऑपरेशन झालं तरी चार ते सहा आठवडे नळ्यांत बीज शिल्लक असतं. लगेच जोडी एकत्र सोडली तर ऑपरेशन फुकट आणि पिल्लं घरात.

साबूचं मोठं. पोट उघडायचं. संध्याकाळी घरी आणली तर ती टोपलीच्या कोपऱ्यात गोळा होऊन बसली. कोथिंबीर नाकाला लावली तर तोंड फिरवलं. डोळे अर्धे मिटलेले, कान मागे. पुठ्ठ्यावरच्या पाचांतल्या तीन खुणा. वहीत बघितलं, सकाळपासून लेंड्यांच्या रकान्यात काही नाही. मॅडमना फोन केला. वेदनाशामकाचा पुढचा डोस द्यायची वेळ झालीच होती, तो द्यायला सांगितला, आणि मग रोजच्याच गोळी-खाद्याची कोमट पाण्यात पेज करून सुई काढलेल्या इंजेक्शनने गालाच्या कडेने थोडी थोडी भरवायला सांगितली. समोरून नाही, ठसका लागतो. पोट फुगून घट्ट लागलं तर मात्र भरवायचं नाही, उचलून दवाखाना गाठायचा. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी. तात्या रात्री पाणी प्यायला उठले की दर वेळी वाकून विचारायचे, "लेंडी टाकली का?" पहाटे टाकली. बारीक, कोरड्या, वेड्यावाकड्या, पण टाकल्या. मी ती वेळ वहीत लिहिली आणि तात्यांनी चहा ठेवला.

बारा तास लेंड्या नाहीत किंवा खाणं नाही, तर ती तातडी. "आज रविवार आहे, उद्या बघू" हे सशाच्या बाबतीत चालत नाही. ऑपरेशन असो वा नसो.

बाकीचं थोडक्यात. सशाला तोंडाने अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन देऊ नका. आतड्यातले चांगले जिवाणू मरतात आणि विषारी वाढतात. ओळखीतल्या एकांनी घरातल्या कुत्र्याचं उरलेलं सिरप दिलं, तीन दिवसांत ससा गेला. कुत्र्याच्या गोचिडांवरचा फिप्रोनिलचा फवारा सशाला विष आहे. खरूज, कानातले किडे यांवर सशाला चालणारी वेगळी औषधं असतात, ती डॉक्टरकडूनच. दात जन्मभर वाढत राहतात, पुढचे आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर, त्यांना झिजवायला गवत हवं. ऐंशी टक्के जेवण गवत. आपल्याकडे हरळी मुबलक, फवारणी नसलेल्या जागेवरून आणायची आणि सावलीत वाळवायची. लसूणघास मात्र मोठ्या सशाला रोज नको. गाईला दूध वाढवायला चांगला, पण त्यात कॅल्शियम फार. सशाच्या मूत्राशयात त्याचा पांढरा गाळ साचतो. गाजर म्हणजे सशाचा पेढा समजा, सणासुदीला. उचलताना मागच्या पायांना आधार दिलाच पाहिजे, हवेत लाथ मारली तर स्वतःचाच कणा मोडून घेतो. दुकानातला तो पोरगा कान धरून उचलत होता.

खर्च विचारतात सगळे. मादीला नराच्या साधारण दुप्पट, आणि कुत्रीच्या ऑपरेशनपेक्षा कमी नाही. पालिकांच्या नसबंदीचे जे २०२३ चे नियम आहेत ते भटक्या कुत्र्या-मांजरांसाठी, सशाला त्यात जागा नाही, तेव्हा सगळं पदरचं. दोनशे-तीनशेला मिळालेल्या सशावर हजारो रुपये, असं एकजण म्हणाला. त्याला मी विचारलं, तुझ्या फुकट मिळालेल्या मांजरावर तू किती घातलेस? गप्प बसला.

साबू-बुक्का आता एकत्र असतात. लगेच जमलं नाही. वासच बदललेला, साबू त्याला आठवडाभर पिटाळत होती. मग दोघांच्याही परिचयाच्या नसलेल्या गच्चीवर रोज संध्याकाळी थोडा थोडा वेळ सोडून जमवलं.

त्या सहा पिल्लांतल्या दोन नरांची ऑपरेशनं त्यांच्या घरच्यांनी करून घेतली, त्याच मॅडमकडे. दोन घरांनी एकेकटीच ठेवलीये, ते विचार करतायत. वाईला ज्यांना एक दिलं त्यांचा पत्ताच नाही, फोन उचलत नाहीत. आणि कोरेगावच्या काकूंकडे एक मादी आहे, त्या म्हणतात "पुढच्या वर्षी बघू." गेल्या आठवड्यात त्यांनी तिला सोबत म्हणून बाजारातून आणखी एक ससा आणला. दुकानदाराने सांगितलंय, मादीच आहे. रविवारी मी बघायला जाणार आहे.